विश्लेषण : निर्वासित मुलांसाठी ब्रिटिश सरकारला प्रश्नांनी भंडावून सोडणाऱ्या एलेनॉर रॅथबोन कोण होत्या?

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये एक विचित्र गोष्ट घडत होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून आई-वडिलांविना पळून आलेल्या, त्याच ब्रिटनने दीड वर्षापूर्वी आश्रय दिलेल्या मुलाला सोळा वर्षे पूर्ण झाली, की पोलीस त्याच्या दारात येत. तो हिटलरच्या छळातून सुटलेला ज्यू मुलगा आहे, हे सर्वांना ठाऊक असे. पण कागदोपत्री तो ‘शत्रुदेशाचा नागरिक’ ठरे. त्याची रवानगी काटेरी तारांच्या छावणीत होई. या मुलांच्या बाजूने संसदेत उभे राहिलेल्या मोजक्या खासदारांत एक नाव ठळक होते, एलेनॉर रॅथबोन यांचे. आश्रय मागणाऱ्या मुलांना माणुसकीने वागवा, या मागणीसाठी त्यांनी आयुष्याची अखेरची दहा वर्षे वेचली. त्यांनी नेमके काय केले, त्यात त्यांना किती यश आले आणि भारताशी त्यांचा काय संबंध होता, याविषयी…

एलेनॉर रॅथबोन कोण होत्या?

एलेनॉर यांचा जन्म १२ मे १८७२ रोजी लंडनमध्ये झाला. रॅथबोन हे लिव्हरपूलमधील नामांकित व्यापारी घराणे. वडील विल्यम रॅथबोन लिबरल पक्षाचे खासदार होते. गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था लिव्हरपूलमध्ये त्यांनीच उभी केली. पैसा आहे, तर समाजाचे देणेही आहे, अशी त्या घराची शिकवण होती.

ऑक्सफर्डमधील सॉमरव्हिल कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. त्या काळी ऑक्सफर्ड महिलांना शिकू देई, पण पदवी देत नसे. शिक्षण संपवून त्या लिव्हरपूलला परतल्या आणि गोदी कामगार, विधवा, कष्टकरी कुटुंबे यांच्या घरोघर फिरून नोंदी करू लागल्या. गोदीत रोजंदारीवर काम करणाऱ्यांच्या मिळकतीचा त्यांनी केलेला अभ्यास त्या काळात महत्त्वाचा मानला गेला. १९०९ मध्ये त्या लिव्हरपूल नगर परिषदेवर निवडून गेल्या. त्या परिषदेच्या त्या पहिल्या महिला सदस्य.

पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या पत्नींना सरकारकडून थेट भत्ता मिळू लागला. आईच्या हाती नियमित पैसा आला, की घरातली मुले बरी दिसू लागतात, हे त्यांनी लिव्हरपूलमध्ये पाहिले. त्यातून मुलांसाठीचा भत्ता आईच्या हाती द्यावा, ही मागणी पुढे आली. १९२४ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि पुढची वीस वर्षे तो विषय लावून धरला. महिलांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या आघाडीवर होत्या. मिलिसेंट फॉसेट यांच्यानंतर १९१९ मध्ये त्या चळवळीच्या प्रमुख राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

अपक्ष खासदार असण्याचा फायदा काय झाला?

१९२९ मध्ये रॅथबोन ‘इंग्लिश विद्यापीठे’ या संयुक्त मतदारसंघातून अपक्ष म्हणून हाऊस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आल्या. हा मतदारसंघ वेगळा होता. त्याला गाव, शहर असे काही नव्हते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लंडन वगळता इतर इंग्लिश विद्यापीठांचे पदवीधर हेच त्याचे मतदार, आणि मतदान टपालाने होई. मृत्यूपर्यंत ही जागा त्यांच्याकडेच राहिली.

या दोन्ही गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरल्या. पक्ष नसल्याने पक्षादेश नव्हता. शिवाय परदेशी माणसे आमच्या नोकऱ्या घेतील, अशी ओरड करणारा स्थानिक मतदारही नव्हता. मंत्रिपदाची आशा त्यांनी कधी धरली नाही. निर्वासितांची बाजू घेणे तेव्हा लोकप्रिय नव्हते. पण त्याची किंमत मोजावी लागेल, ही भीती इतर खासदारांइतकी त्यांना नव्हती.

त्यांचे मुख्य हत्यार होते संसदेतला प्रश्न. आपल्याकडचा प्रश्नोत्तराचा तास ज्या परंपरेतून आला, तीच ही परंपरा. खासदार प्रश्न लेखी देतो, मंत्र्याला त्याचे उत्तर सभागृहात किंवा लेखी द्यावे लागते आणि ते कायमचे नोंदले जाते. रॅथबोन एका उत्तरावर थांबत नसत. उत्तरातली संदिग्ध जागा हेरून पुढच्या आठवड्यात त्यावर नवा प्रश्न येई. सोबत पत्रे, शिष्टमंडळे आणि कचेऱ्यांचे हेलपाटे चालूच असत. कागदांनी भरलेली पिशवी घेऊन त्या संसदेच्या दालनात दिसल्या, की कनिष्ठ मंत्री आणि अधिकारी वाट बदलत, अशी आठवण त्यांच्या समकालीनांनी सांगितली आहे.

मुलांना आश्रय देण्याचा प्रश्न पहिल्यांदा कधी आला?

हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १९३३ मध्ये, रॅथबोन यांनी संसदेत त्याच्या राजवटीच्या धोक्याविषयी बजावले होते. पण मुलांच्या आश्रयाचा प्रश्न आधी आला तो स्पेनमधून.

स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. एप्रिल १९३७ मध्ये रॅथबोन यांनी डचेस ऑफ अॅथॉल आणि एलेन विल्किन्सन या खासदारांसह स्पेनला भेट दिली. बॉम्बवर्षाव झालेल्या शहरांतील मुलांची स्थिती त्यांनी पाहिली. त्याच महिन्याच्या अखेरीस बास्क प्रांतातील ग्वेर्निका हे गाव जर्मन विमानांनी बेचिराख केले. त्यानंतर बास्क मुलांना ब्रिटनमध्ये आणण्याची मागणी जोर धरू लागली.

ब्रिटिश सरकारने परवानगी दिली, पण एका अटीवर. सरकारी तिजोरीतून एक पैसाही मिळणार नाही. प्रत्येक मुलामागे आठवड्याला दहा शिलिंग खर्चाची हमी मदत समितीनेच द्यावी. समितीने ती दिली. २३ मे १९३७ रोजी ‘हबाना’ ही बोट सुमारे चार हजार मुलांना घेऊन साउथॅम्प्टन बंदराला लागली. जवळच्या शेतात स्वयंसेवकांनी तंबू ठोकले होते. नंतर ही मुले देशभरातील लहान-मोठ्या वसतिगृहांत विखुरली. मजूर संघटना, चर्च आणि सामान्य नागरिक यांच्या वर्गणीवर ती जगली.

येथे जो पायंडा पडला, तो पुढेही टिकला. मुलांना येऊ द्यायचे, पण जबाबदारी सरकारची नाही, धर्मादाय संस्थांची. रॅथबोन यांचा पुढचा सगळा झगडा याच भूमिकेशी होता.

‘किंडरट्रान्सपोर्ट’मध्ये त्यांची भूमिका काय होती?

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, हजारो पुरुषांना छळछावण्यांत डांबले गेले. ब्रिटनमधील ज्यू आणि क्वेकर संस्थांनी सरकारकडे धाव घेतली. त्यानंतर १७ वर्षांखालील मुलांना पालकांविना येऊ देण्यास सरकार राजी झाले. २ डिसेंबर १९३८ रोजी मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १० हजार मुले या मार्गाने आली. हीच ती ‘किंडरट्रान्सपोर्ट’ मोहीम.

ही मोहीम रॅथबोन यांनी उभारली नव्हती. ते श्रेय त्या संस्थांचे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांचे. रॅथबोन यांनी संसदेत दुसरी आघाडी उघडली. १९३८ च्या अखेरीस सर्व पक्षांच्या खासदारांची निर्वासितविषयक समिती स्थापन झाली. तिच्या मानद सचिव म्हणून रॅथबोन यांनी कामाचा भार उचलला. लवकरच देशभरातून आणि युरोपातून निर्वासितांची पत्रे त्यांच्या नावाने येऊ लागली. ‘निर्वासितांच्या खासदार’ ही त्यांची ओळख याच काळातली.

या मोहिमेची अपुरी बाजू त्या सतत मांडत राहिल्या. मूल येऊ शकत होते, त्याची आई नाही. मुलांचा निरोप घेतलेल्या बहुसंख्य आई-वडिलांची त्यांच्याशी पुन्हा भेट झाली नाही. पुढे प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. ती रक्कम त्या काळी मोठी होती. त्यामुळे हमीदार मिळणारे मूल वाचे आणि न मिळणारे मागे राही. म्युनिक करारात ब्रिटनने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडू दिला. तेव्हा तिथून पळणाऱ्यांची जबाबदारी ब्रिटनवरच आहे, असे रॅथबोन ठामपणे सांगत. निर्वासितांवर सरकारी पैसा खर्च झाला पाहिजे आणि व्हिसाचे निर्णय झटपट झाले पाहिजेत, या त्यांच्या दोन ठोस मागण्या होत्या.

आश्रय दिलेल्या मुलांनाच कैद का झाली?

मे-जून १९४० मध्ये जर्मन फौजांनी हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्स पादाक्रांत केले. ब्रिटनमध्ये हेरगिरीची धास्ती पसरली. जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना सरसकट स्थानबद्ध करण्याचे आदेश निघाले. वयाची खालची मर्यादा १६ वर्षे होती. किंडरट्रान्सपोर्टमधून आलेली सुमारे हजार मुले या जाळ्यात सापडली. काहींना शाळेतून, काहींना सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या घरातून नेण्यात आले.

लिव्हरपूलजवळ हायटन येथे अर्धवट बांधलेल्या घरांच्या वसाहतीत छावणी उघडली. आयल ऑफ मॅन बेटावरील हॉटेले आणि घरे तारांच्या कुंपणाआड गेली. काहींना थेट कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आले. २ जुलै १९४० रोजी कॅनडाकडे निघालेली ‘अरांडोरा स्टार’ ही बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि आठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच महिन्यात ‘डुनेरा’ बोटीतून ऑस्ट्रेलियाला नेलेल्या स्थानबद्धांचे सामान पहारेकऱ्यांनी लुटले. त्यांत किंडरट्रान्सपोर्टमधील मुलेही होती.

देशावर आक्रमणाची टांगती तलवार असताना सरकारला जाब विचारणे सोपे नव्हते. १० जुलै १९४० रोजी संसदेत या विषयावर मोठी चर्चा झाली. त्यात रॅथबोन यांच्यासह काही खासदारांनी सरसकट स्थानबद्धतेवर कडाडून टीका केली. रॅथबोन हायटनच्या छावणीत स्वतः गेल्या आणि स्थानबद्धांशी बोलल्या. नंतर त्यांच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पत्रे पोहोचायला किती दिवस लागतात? वर्तमानपत्रे का दिली जात नाहीत? आजाऱ्यांना औषध मिळते का? बाप एका छावणीत आणि मुलगा दुसऱ्या छावणीत का? समुद्रापार पाठवताना कुटुंबांना कळवले होते का?

प्रश्न बारीकसारीक वाटतील, पण त्यांत हिशोब होता. धोरण चुकीचे आहे, असे म्हटले की मंत्री देशाच्या सुरक्षेचे कारण पुढे करत. पत्र तीन आठवडे का अडकले, याला मात्र सुरक्षेचे कारण देता येत नसे. जुलैच्या अखेरीस सरकारने सुटकेचे निकष जाहीर केले. त्यात १६ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील व्यक्तींचा समावेश होता. हे निकष नंतर टप्प्याटप्प्याने विस्तारत गेले. १९४१ च्या उत्तरार्धापर्यंत बहुतांश निर्वासित सुटले. त्यांतील अनेक तरुण पुढे ब्रिटिश सैन्यात दाखल होऊन हिटलरविरुद्ध लढले.

सर्वांत मोठे अपयश कोणते?

जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये ज्यूंची मोठी धरपकड झाली. पुढच्या महिन्यात हे लोण फ्रान्सच्या दक्षिण भागात पोहोचले. हा भाग तोवर जर्मनांच्या थेट ताब्यात नव्हता. तेथे व्हिशी सरकारची सत्ता होती. आई-वडिलांना पूर्वेकडे नेले जात होते आणि अनेक मुले मागे उरत होती. त्यांना बाहेर काढण्याची वाट अजून उघडी होती. हवा होता फक्त कोणत्या तरी देशाचा व्हिसा.

गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी जवळचे नातलग ब्रिटनमध्ये असलेल्या मोजक्या मुलांपुरतीच परवानगी देऊ केली. ऑक्टोबरमध्ये रॅथबोन आणि चर्चमधील मान्यवरांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. आणखी काही मुलांना आणि वृद्धांना येऊ द्यावे, ही त्यांची विनंती होती. अधिक निर्वासित आले तर ब्रिटनमध्ये ज्यूद्वेष वाढेल, अशी भीती मॉरिसन यांना वाटत होती. त्यांनी नकार दिला. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्ये घुसल्या आणि ती वाट बंद झाली. ज्या थोड्या मुलांना ब्रिटनने होकार दिला होता, त्यांच्यासाठीही फार उशीर झाला.

१७ डिसेंबर १९४२ रोजी परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी ज्यूंच्या संहाराचा निषेध करणारे मित्रराष्ट्रांचे निवेदन संसदेत वाचले. सभागृह स्तब्ध उभे राहिले. रॅथबोन यांच्या दृष्टीने प्रश्न त्यानंतरचा होता. वाचवता येतील अशांसाठी आता काय करणार? १९४३ च्या सुरुवातीला त्यांनी प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ आदींसह बचावासाठी राष्ट्रीय समिती उभी केली. व्हिसाच्या अटी शिथिल करा, निर्वासितांना घेणाऱ्या तटस्थ देशांना मदतीची हमी द्या, पॅलेस्टाइनची दारे उघडा, असा मुद्देसूद कार्यक्रम त्यांनी पुस्तिकेतून मांडला. एप्रिल १९४३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेची बर्म्युडा येथे परिषद झाली. तिच्यातून फारसे काही हाती लागले नाही. युद्ध जिंकणे हाच बचावाचा मार्ग, ही सरकारची भूमिका कायम राहिली. या अपयशाची खंत रॅथबोन यांना शेवटपर्यंत होती.

भारताशी त्यांचा काय संबंध होता?

भारतीय वाचकासाठी रॅथबोन यांचे चरित्र तितके सरळ नाही. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांचे ‘मदर इंडिया’ हे भारताची बदनामी करणारे पुस्तक गाजले. ते वाचून रॅथबोन बालविवाहाच्या प्रश्नाकडे वळल्या. १९२९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये भारतीय महिलांच्या प्रश्नांवर परिषद भरवली, पण मंचावर ब्रिटिश वक्त्यांचाच भरणा होता. श्रोत्यांत असलेल्या धन्वंती रामा राव यांनी तिथेच उठून हरकत घेतली. आमचे प्रश्न सोडवण्यास आम्ही समर्थ आहोत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच वर्षी मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ आणि मुलांचे १८ ठरवणारा सारडा कायदा भारतात मंजूर झाला. त्यामागे भारतीय सुधारक आणि महिला संघटनांचे कष्ट होते.

१९३२ मध्ये रॅथबोन भारतात आल्या. येथील महिला कार्यकर्त्यांशी बोलल्यावर त्यांना बरेच उमगले. पुढे सारडा कायद्याच्या ढिसाळ अंमलबजावणीवर त्यांनी १९३४ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९३५ च्या कायद्यात भारतीय महिलांना अधिक मताधिकार मिळावा म्हणून पाठपुरावा केला. मात्र साम्राज्याविषयीची त्यांची समजूत पुरती सुटली नाही. १९४१ मध्ये भारतीय नेते युद्धात सहकार्य करत नाहीत, म्हणून त्यांनी खुले पत्र लिहून दोष दिला. आजारी असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी त्याला सडेतोड उत्तर दिले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी टागोरांचे निधन झाले. युरोपातील निर्वासित मुलांबाबत इतक्या सजग असलेल्या रॅथबोन यांना गुलाम देशाची बाजू तितकी दिसली नाही, ही त्यांच्या चरित्रातील विसंगती आहे.

त्यांचे काय उरले?

युद्ध संपल्यावर रॅथबोन यांनी पराभूत जर्मनीतील उपाशी आणि बेघर मुलांसाठी मदत मागितली. कालच्या शत्रूच्या मुलांसाठी रेशन वाटून घ्या, असे सांगणे त्या वेळी अनेकांना रुचणारे नव्हते. १९४५ मध्ये मुलांच्या भत्त्याचा कायदा संमत झाला. मसुद्यात हा पैसा वडिलांना देण्याची तरतूद होती. रॅथबोन यांनी जोरदार विरोध केला आणि तो आईच्या हाती जाईल अशी दुरुस्ती झाली. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला पाच शिलिंग असा हा भत्ता ऑगस्ट १९४६ पासून मिळू लागला. तो दिवस पाहायला त्या नव्हत्या. २ जानेवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

निर्वासित मुलांचा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. १९३९ मध्ये प्राग येथून सहा वर्षांचा असताना ब्रिटनला आलेला एक मुलगा पुढे लॉर्ड आल्फ डब्ज म्हणून ओळखला गेला. त्यांनी २०१६ मध्ये युरोपातील एकट्या निर्वासित मुलांना ब्रिटनने घ्यावे, अशी दुरुस्ती कायद्यात करून घेतली. सरकारने ती योजना ४८० मुलांवर थांबवली. मूल खरेच अठरा वर्षांखालचे आहे का, याचा निवाडा कोणी आणि कसा करायचा, यावरून आजही अनेक देशांत वाद होतात. १९४० मध्ये सोळाव्या वाढदिवसाने जे ठरत असे, ते आता अठराव्या वाढदिवसाने ठरते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील २२ वे कलम निर्वासित मुलांना संरक्षण आणि मदत देण्याचे बंधन सदस्य देशांवर घालते. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर मात्र भारताने सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे सीमेवर आलेल्या मुलाचे काय होणार, हे बऱ्याचदा त्या वेळच्या सरकारी आदेशावर अवलंबून असते. अर्ज कोणाकडे पडला आहे, निर्णय किती दिवसांत होणार आणि तोवर ते मूल कोठे राहणार, हे रॅथबोन यांचे नेहमीचे प्रश्न होते. त्यांची उत्तरे लेखी नियमांत असावीत, एवढाच त्यांचा आग्रह होता.